अकार : ज्यू परंपरेतला निपुत्रिक पुरुष

मराठीत ‘वांझ’ म्हटलं की बाईच डोळ्यांसमोर येते. पुरुषासाठी आपण ‘निपुत्रिक’ हा सोवळ्यातला शब्द राखून ठेवलाय. हिब्रूत वांझ बाई ‘अकारा’ आणि वांझ पुरुष ‘अकार’, दोन्ही एकाच धातूतून आलेले. ‘तुमच्यात कोणी अकार नसेल, कोणी अकारा नसेल’ असं वचन बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (7:14) आहे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातले रब्बी, म्हणजे धर्मपंडित, तर म्हणतात, अब्राहामाचा मुलगा इसहाक आणि त्याची बायको रिबका दोघंही वांझ होते. इसहाकाने लग्न केलं चाळिसाव्या वर्षी. जुळे मुलगे झाले साठाव्या वर्षी.

ज्यू समाजात मूल नसलेल्या पुरुषाला जे सोसावं लागतं, त्याचं मूळ एका धर्माज्ञेत आहे. ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ ही आज्ञा इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहाने पुरुषावर बंधनकारक केली, बाईवर नाही. किती मुलं झाली म्हणजे आज्ञा पाळली गेली? शम्माय आणि हिलेल हे दोन जुने धर्मगुरू. शम्मायच्या शिष्यांच्या मते दोन मुलगे, हिलेलच्या शिष्यांच्या मते एक मुलगा आणि एक मुलगी. हिलेलचं मत टिकलं. बाईला सूट का, याचं स्पष्टीकरण मजेदार आहे: त्याच वचनात पुढे ‘पृथ्वी अंकित करा’ असं आहे, आणि अंकित करणं हा पुरुषाचा स्वभाव! रब्बी योहानान बेन बरोका यांना हे पटलं नव्हतं. आज्ञा दोघांना आहे, असं ते म्हणत.

लग्नाला दहा वर्षं होऊनही मूल नसेल तर नवऱ्याने त्याच बायकोसोबत आज्ञा अपुरी ठेवून राहू नये, असाही नियम होता. दहाचा आकडा आला अब्राहामाची बायको सारा हिच्याकडून: कनान देशात मुलाविना दहा वर्षं काढल्यावर तिने आपली दासी हागार अब्राहामाला दिली होती. मात्र सोडलेल्या बाईला दुसरं लग्न करता येई आणि दुसऱ्या नवऱ्यालाही तेवढीच दहा वर्षं मिळत. म्हणजे दोष पहिल्या नवऱ्यात असू शकतो, हे नियमातच धरलेलं होतं. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इसर्लेस यांनी नोंदवलं, की हल्ली अशा जोडप्यांना घटस्फोटाची सक्ती करण्याचा रिवाज नाही. तोवर किती संसार मोडले असतील, कोण जाणे.

पुरुषाला बोचणारी वचनंही बरीच आहेत. गरीब, कुष्ठरोगी, आंधळा आणि मूल नसलेला हे चौघे मेल्यासारखेच, असं तालमूदमध्ये आहे. मृत्युदंडाच्या खटल्यात निपुत्रिकाला न्यायाधीश म्हणून बसवत नसत. त्याच्या मनात पुरेशी दया नसेल, असं कारण पुढच्या पंडितांनी दिलं. मला हे कारण अन्यायाचं वाटतं. शिवाय मेल्यावर कद्दीश कोण म्हणणार? आईवडिलांसाठी अकरा महिने म्हणायची ही प्रार्थना मुख्यतः मुलाचं काम. यिडिश बोलणारे बाप मुलालाच लाडाने ‘माझा कद्दीश’ म्हणत. पिंडदानाची काळजी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण याच परंपरेत दुसरा सूरही आहे. बेन अझ्झाय या विद्वानाने, मूल न होऊ देणारा रक्त सांडणाऱ्यासारखा, असं सांगितलं. तो स्वतःच अविवाहित! सहकाऱ्यांनी टोमणा मारला: तू सांगतोस छान, वागत नाहीस. त्यावर तो म्हणाला, ‘काय करू, माझा जीव तोरात (धर्मशास्त्रात) गुंतलाय, जग इतरांकडून चालेल.’ दुसऱ्याच्या मुलाला तोरा शिकवणाऱ्याने जणू त्याला जन्मच दिला, असंही तालमूद मानतो. आणि बायबलमधला संदेष्टा यशया (56:3-5) तर ‘मी शुष्क झाड’ म्हणणाऱ्या खोजाला (नपुंसक पुरुषाला) देवाकडून मुलामुलींहून सरस ‘याद वाशेम’, म्हणजे स्मारक आणि नाव, देववतो. नाझींनी मारलेल्या, मागे कद्दीश म्हणायलाही कोणी न उरलेल्या लाखो ज्यूंसाठी जेरुसलेममध्ये जी संस्था 1953 च्या कायद्याने उभी राहिली, तिने हेच नाव घेतलं.

आजच्या इस्रायलमध्ये आज्ञेचा भार सरकारने उचललाय म्हणावं, तर अतिशयोक्ती होणार नाही. दोन मुलं होईपर्यंत आयव्हीएफचा खर्च सरकारी आरोग्यव्यवस्था करते. पुरुषाच्या वंध्यत्वावर मात्र रब्बींचा काथ्याकूट चालूच आहे: तपासणीसाठी वीर्य कसं घ्यायचं, दात्याचं चालेल का. न्यूयॉर्कच्या रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी 1959 मध्ये ज्यू नसलेल्या दात्याला परवानगी दिली, तेव्हा मोठं वादळ उठलं.

मूल नसतानाही नाव मागे ठेवण्याचं एक उदाहरण मुंबईत दगडविटांत उभं आहे. फोर्टातलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) ज्यू व्यापारी जेकब ससून यांनी 1884 मध्ये बांधलं, वडील एलियास यांच्या नावे. शांघायचं ओहेल राहेल सिनेगॉग पत्नी राहेलच्या स्मरणार्थ, ते 1920 मध्ये उघडलं. 1909 मध्ये मिळालेली बॅरोनेट ही बापाकडून मुलाकडे जाणारी ब्रिटिश पदवी मात्र, मागे मुलगा नसल्याने, 1916 मध्ये जेकब गेल्यावर भाऊ एडवर्ड यांच्याकडे गेली. एडवर्डचे चिरंजीव व्हिक्टर यांनाही मूल नव्हतं. 1961 मध्ये ते वारले आणि पदवी संपली. फोर्टातली ती निळी इमारत अजून एलियासच्याच नावाने आहे.