कोयनेचे दोन आकडे: ६.३ आणि ०.६३

कोयनेच्या भूकंपाबद्दल वाचताना हे दोन आकडे एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप साधारण ६.३ महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) होता. ०.६३ हा आकडा मात्र कोयना धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राचा. गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, इतका तिथला सर्वांत जोराचा हिसका.

दोन्हींच्या मुळाशी नागमोडी रेघाच आहेत, पण त्या काढणारी यंत्रं वेगळी.

भूकंपमापक अतिशय हळवा. तो अखंड चालू असतो आणि हजारो किलोमीटरवरचा मोठा धक्काही टिपतो. त्याच्या आलेखात आधी पी लहर, म्हणजे सर्वांत आधी पोहोचणारी वेगवान लहर शोधायची, मग तिच्यामागून येणारी एस. जवळच्या भूकंपात दोघींमधल्या सेकंदांना ८ ने गुणलं की अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळतं: ३० सेकंद म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. दिशा मात्र यातून कळत नाही, म्हणून निदान तीन केंद्रांच्या नोंदी जुळवायच्या. रेघेची उंची आणि अंतर यांवरून महत्ता निघते. पण हा हळवेपणाच अंगाशी येतो. मोठा भूकंप जवळच झाला, तर जुन्या यंत्रांची रेघ कागदाबाहेर जायची.

तिथे त्वरणलेखक, म्हणजे जोराच्या हादऱ्याचं त्वरण नोंदवणारं यंत्र, लागतो. बारीकसारीक थरथर त्याच्या गावीही नसते. जुने त्वरणलेखक तर जोराचा हादरा बसल्यावरच सुरू होत, त्यामुळे सुरुवातीची कंपनं निसटायची. नवे डिजिटल त्वरणलेखक आधीचे काही सेकंद स्मृतीत धरून ठेवतात. अभियंते त्याच्या नोंदीत कमाल त्वरण पाहतातच, शिवाय जोराची कंपनं किती वेळ टिकली आणि त्यांची वारंवारता काय होती, हेही पाहतात. बांधकामाच्या स्वतःच्या वारंवारतेशी ती जुळली, तर हेलकावे वाढतात.

कोयना धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी ०.०५ हा गुणांक, म्हणजे वजनाच्या ०.०५ पट आडवा भार, धरला होता. ‘अपेक्षेच्या बारा पट हादरा’ असा हिशोब यावरून मांडता येतो, पण तो फसवा आहे. गुणांक स्थिर भारासाठी असतो, तर ०.६३ हा क्षणभराचा कळस. तरीही १०३ मीटर उंच धरणाला वरच्या भागात, उतार बदलतो त्या पातळीला, तडे गेलेच. पुढे आधारभिंती घालून ते मजबूत केलं गेलं. काँक्रीटच्या धरणांची संगणकीय गणितं तपासायला त्या त्वरणलेखकाची नोंद जगभर अजूनही वापरली जाते.