विमान वाहतूक नियंत्रणाच्या सिम्युलेटरमधील सराव-प्रसंग : पार्श्वभूमी

भारतीय विमानतळ प्राधिकरणात विमान वाहतूक नियंत्रणासाठी कनिष्ठ कार्यकारी पदाची भरती निघते, तेव्हा भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेले किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतलेले उमेदवार तिला पात्र असतात. इंदूरच्या मराठी घरांतील अनेक मुलामुलींना या कामाची ओढ वाटते आणि नोकरीचे प्रशिक्षण मिळण्याच्या कितीतरी आधीच ती घरच्या संगणकावर एखादा मोफत सिम्युलेटर उतरवून घेतात. तो उघडला की नकाशा दिसतो, सीमारेषा दिसतात, विमानतळांची चिन्हे दिसतात, पण विमान एकही दिसत नाही. आकाश भरण्यासाठी आधी सराव-प्रसंग, म्हणजे सिनारिओची फाइल, लिहावी लागते किंवा दुसऱ्याने लिहिलेली उघडावी लागते. नवशिक्याला ही केवळ तांत्रिक पायरी वाटते, परंतु या विद्येचा निम्मा इतिहास त्या फाइलीत साठलेला आहे असे माझे मत आहे, आणि तो ठाऊक असला की फाइलीतील प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे आपोआप उमगते.

सराव-प्रसंगात दोन गोष्टी असतात. पहिली जागा: हवाई क्षेत्राच्या हद्दी, मार्गबिंदू (विमानमार्गावरील नावे दिलेली ठिकाणे), धावपट्टीची दिशा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. दुसरी वेळ: कोणते विमान कितव्या मिनिटाला, कुठून, किती वेगाने आणि किती उंचीवर प्रकट होईल, आणि त्यानंतर काय बिघडेल. जागा लिहिणे तुलनेने लवकर जमले. वेळ लिहिण्याची रीत सापडायला मात्र मोठा काळ जावा लागला.

होळकर संस्थानाच्या काळात, 1935 मध्ये, इंदूरला बिजासन टेकडीजवळ विमानतळाची जागा ठरली. त्याच वर्षी 1 डिसेंबरला अमेरिकेतील नेवार्क येथे विमान कंपन्यांनी एकत्र येऊन मार्गावरील विमानांचे नियंत्रण करणारे पहिले केंद्र उघडले आणि पुढच्या वर्षी तेथील सरकारने ते काम आपल्याकडे घेतले. रडार नव्हते. वैमानिकांचे निरोप दूरध्वनीने येत, फळ्यावर वेळा लिहिल्या जात आणि मोठ्या नकाशावर छोट्या खुणा अंदाजाने पुढे सरकवल्या जात. नवा माणूस जुन्या माणसाशेजारी बसून शिके, त्यामुळे त्या दिवशी आकाशात जे घडेल तेवढेच त्याच्या वाट्याला येई. वादळ आले नाही, तर वादळातील काम त्याला शिकता येत नसे. प्रशिक्षकाने मनाशी विमाने कल्पून वैमानिकाचे संवाद स्वतःच बोलायचे, हा त्यावरचा पहिला उपाय होता. तो आजही वर्गात चालतो, पण तो प्रसंग प्रशिक्षकाच्या डोक्यात राहतो, जसाच्या तसा दुसऱ्यांदा घडवता येत नाही आणि म्हणून दोन विद्यार्थ्यांची तुलनाही करता येत नाही.

ही अडचण पहिल्यांदा नीट सुटली ती नागरी विमान वाहतुकीत नव्हे, तर हवाई संरक्षणात. 1952 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे रँड या संशोधन संस्थेने वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथील हवाई संरक्षण केंद्राची हुबेहूब प्रतिकृती उभी केली. त्या प्रयोगात मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी, विल्यम बील आणि रॉबर्ट चॅपमन यांच्याबरोबर तरुण ॲलन नेवेल होते. दडपणाखाली माणसांचा गट कसा काम करतो हे त्यांना पाहायचे होते, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी तेच आकाश, तीच विमाने आणि तोच क्रम हवा होता. नेवेल आणि क्लिफ शॉ यांनी छिद्रपत्रांवर चालणाऱ्या आयबीएमच्या गणकयंत्राकडून त्यावर तोड काढली: प्रत्येक विमानाचा मार्ग आधी ठरवायचा, ठराविक कालांतराने ते कुठे असेल हे यंत्राकडून काढून घ्यायचे आणि रडारच्या पडद्यावर जसे दिसेल तसे चित्र लांबलचक कागदावर क्रमाने छापायचे. माणसे त्या कागदावरील ठिपके पाहून, खऱ्या केंद्रात असल्यासारखी, एकमेकांना खबर देत.

माझ्या समजुतीप्रमाणे आजच्या सिनारिओ फाइलीचा पूर्वज हा छापील कागदच आहे, कारण वेळ आणि विमानांची स्थिती माणसाच्या स्मरणातून बाहेर काढून येथे प्रथम लेखी क्रमात बांधली गेली. पहिल्या प्रयोगात सहभागी झालेले लोक महाविद्यालयीन विद्यार्थी होते. वाहतूक वाढवत नेली तरी ते कोलमडत नाहीत, उलट महत्त्वाचे काय आणि सोडून देण्यासारखे काय हे ते शिकत जातात, असे संशोधकांना आढळले. प्रयोगासाठी रचलेली गोष्ट प्रशिक्षणासाठीच अधिक मोलाची ठरली. अमेरिकी हवाई दलाने ती पद्धत आपल्या केंद्रांसाठी मागून घेतली, आणि तिचा व्याप एवढा वाढला की 1957 मध्ये सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही स्वतंत्र संस्था वेगळी झाली. जाता जाता एक सांगायला हवे: गणकयंत्र आकड्यांखेरीज नकाशा आणि चिन्हेही हाताळू शकते ही जाणीव नेवेल आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट सायमन यांना या कागदांमुळेच झाली, आणि तिचा धागा पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आरंभीच्या कामापर्यंत जातो.

नागरी क्षेत्राला जाग आली ती अपघाताने. 30 जून 1956 रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन 128 माणसे गेली. त्यानंतर 1958 च्या कायद्याने अमेरिकेत नवी विमान वाहतूक यंत्रणा उभी राहिली आणि अटलांटिक सिटीजवळ चाचण्यांचे केंद्र आले. युरोपात युरोकंट्रोल या युरोपीय देशांच्या विमान वाहतूक संस्थेने पॅरिसजवळच्या ब्रेतिन्यी येथे प्रायोगिक केंद्र काढले. यंत्रे बदलत गेली, पण एक भूमिका टिकून राहिली, ती म्हणजे स्यूडो-पायलटची. तो शेजारच्या खोलीत बसतो, विद्यार्थ्याची आज्ञा ऐकून ती यंत्रात भरतो आणि वैमानिकाच्या आवाजात परत म्हणून दाखवतो. त्यामुळे प्रसंग लिहिणाऱ्याला दोन वाचकांसाठी लिहावे लागते: एक यंत्र, दुसरा हा माणूस.

भारतात विमान वाहतुकीच्या प्रशिक्षणाचे जुने घर म्हणजे प्रयागराजजवळील (पूर्वीचे अलाहाबाद) बमरौलीचे महाविद्यालय. ते 1948 मध्ये सुरू झाले. पुढे हैदराबाद आणि महाराष्ट्रातील गोंदिया येथेही प्रशिक्षणाची सोय झाली. परंतु प्रसंगलेखनाच्या दृष्टीने आपल्याकडील खरी खूणगाठ 12 नोव्हेंबर 1996 ची आहे. त्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग 747 आणि कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन 76 एकमेकांवर आदळले आणि दोन्ही विमानांतील 349 जण मृत्युमुखी पडले. दिल्लीहून निघालेले विमान 14,000 फुटांवर होते आणि येणाऱ्याला 15,000 फुटांवर थांबण्याची आज्ञा होती, पण ते त्याखाली उतरले. त्या वेळी दिल्लीत केवळ प्राथमिक रडार होते, म्हणजे विमान कुठे आहे हे दिसे, पण किती उंचीवर आहे हे दिसत नसे. उंचीसाठी नियंत्रकाला वैमानिकाच्या शब्दावरच विसंबावे लागे. चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्याकडे होती. ते आपल्या माळव्याच्या शेजारच्या गुण्याचे, आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. विमानाची उंचीही दाखवणारे दुय्यम रडार, येणाऱ्या-जाणाऱ्या मार्गांची फारकत आणि विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा या गोष्टींना त्या दुर्घटनेनंतर वेग आला.

अशा घटनेचा सराव-प्रसंग लिहिणे किती कठीण आहे हे पाहण्यासारखे आहे. दोन विमाने समोरासमोर आणून 1,000 फुटांचे अंतर ठेवणे सोपे. तसे प्रसंग प्रत्येक विद्यार्थी करतो. अवघड भाग हा की, आज्ञा बरोबर, तिची पुनरुक्तीही बरोबर आणि तरीही विमान खाली जाते, हे फाइलीत उतरवावे लागते. त्यासाठी विमानाचे बोलणे आणि त्याची प्रत्यक्ष हालचाल यांची नोंद वेगवेगळी हवी. 1 जुलै 2002 रोजी जर्मनीतील युबरलिंगेनवर झालेल्या टक्करीने, ज्यात 71 जण गेले, यात आणखी एक थर आणला. तेथे एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता, देखभालीच्या कामामुळे मुख्य दूरध्वनी बंद होता, आणि विमानातील टक्कर टाळणारी यंत्रणा व नियंत्रक यांच्या सूचना परस्परविरोधी होत्या. म्हणून प्रसंगात विमानांखेरीज उपकरणांचे बिघाड, तुटलेली संपर्कवाहिनी आणि सहकाऱ्याची अनुपस्थितीही वेळेनुसार लिहिण्याला महत्त्व आले.

घरच्या संगणकावर हा विषय वेगळ्या वाटेने आला. 1985 मध्ये मायक्रोप्रोझचा केनेडी ॲप्रोच हा खेळ बोलक्या आवाजासह निघाला. 1987 मध्ये बर्कली युनिक्स या संगणक-प्रणालीवर एड जेम्स यांनी एटीसी हा अक्षरांनी रेखाटलेला खेळ लिहिला, आणि इतिहासाच्या दृष्टीने मला तो अधिक मोलाचा वाटतो. त्यात मैदान ही साध्या मजकुराची स्वतंत्र फाइल होती: रुंदी, उंची, निर्गमद्वारे, विमानतळ, बीकन (दिशा दाखवणाऱ्या खुणा) आणि रेषा. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता कोणालाही नवे मैदान लिहून यादीत जोडता येई. मात्र विमाने यदृच्छेने येत. फाइलीत फक्त नवे विमान किती टप्प्यांनी यावे एवढाच आकडा असे. म्हणजे जागा लिहिता येत होती, वेळ नव्हती. थोड्याच काळाने टेक्सासच्या ऑस्टिनमधील वेसन इंटरनॅशनलने ट्रेकॉन हा खऱ्या रडारगृहाच्या जवळ जाणारा सिम्युलेटर काढला. त्यात विमानांची संख्या, सत्राचा कालावधी आणि हवामान आधी ठरवता येई, पण प्रत्येक विमानाचा क्रम खेळाडूच्या हाती तेथेही आला नाही.

तो आला 2001 मध्ये व्हॅटसिम हे घरबसल्या उड्डाण आणि नियंत्रण करणाऱ्या हौशींचे ऑनलाइन जाळे उभे राहिल्यानंतर, आणि कारण व्यावहारिक होते. जिवंत जाळ्यावर नवशिक्याला बसवणे इतरांच्या उड्डाणांना त्रासदायक ठरे, म्हणून स्वेटबॉक्स नावाचा वेगळा सराव-सर्व्हर आला आणि त्यावर सोडण्यासाठी विमानांच्या फाइली लिहाव्या लागल्या. युरोस्कोप या रडार-प्रणालीत अशी फाइल ओळीओळीने वाचली जाते: एका ओळीत विमानाचे नाव, अक्षांश, रेखांश आणि उंची, दुसरीत उड्डाण-योजना, मग मार्ग, मग सुरुवातीपासून कितव्या मिनिटाला ते प्रकट व्हावे आणि आरंभी कोणत्या स्यूडो-पायलटच्या ताब्यात असावे. 1952 चा छापील कागद येथे अखेर सामान्य माणसाच्या टेबलावर पोहोचला.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाच्या याको हुक्स्ट्रा आणि योस्ट एलरब्रुक यांनी 2016 मध्ये मांडलेल्या ब्लूस्काय या मुक्त स्रोत सिम्युलेटरने ही लिपी आणखी साधी केली. तेथे प्रत्येक ओळ घड्याळाच्या वेळेने सुरू होते आणि पुढे एकच आज्ञा असते. विमान निर्माण करायचे तर नाव, प्रकार, अक्षांश, रेखांश, दिशा, उंची आणि वेग स्वल्पविरामांनी तोडून लिहायचे. फाइल उघडायची ती आयसी या आज्ञेने, म्हणजे आरंभीची स्थिती देऊन. चालू आकाश जतन करण्याचीही आज्ञा आहे, त्यामुळे सराव मध्येच थांबवून त्या क्षणापासूनचे पुढचे सारे नव्या फाइलीत घेता येते. पडद्यावर हाताने द्यायची आज्ञा आणि फाइलीतील आज्ञा एकच असल्याने लिहिणे आणि चालवणे यांतील भिंत गळून पडते, आणि शिकणाऱ्यासाठी हा मोठा दिलासा आहे.

इंदूरचा प्रसंग लिहू पाहणाऱ्याने या इतिहासातून काय उचलावे हे एका हिशेबाने दाखवतो. दिल्लीहून येणारे विमान उत्तरेकडून आणि मुंबईहून येणारे नैर्ऋत्येकडून येते. दोघांचा वेग 240 नॉट, म्हणजे ताशी 240 नॉटिकल मैल, धरला, तर प्रत्येक विमान मिनिटाला 4 नॉटिकल मैल कापते. दोघांच्या वाटा जेथे मिळतात त्या बिंदूपासून एकाला 40 आणि दुसऱ्याला 44 नॉटिकल मैलांवर ठेवले, तर दहाव्या मिनिटाला पहिले तेथे पोहोचते आणि दुसरे 4 मैलांवर असते. रडारवरील किमान अंतर 5 मैल धरले, तर तूट एका मैलाची पडते. ती इतकी बारीक आहे की सुरुवातीला नजरेत येत नाही आणि वेळेवर थोडा वेग घटवल्यास सहज सुटते. दोघांना समान अंतरावर ठेवणारा प्रसंग मला कच्चा वाटतो, कारण तो उघडताच उत्तर दिसते. आठव्या मिनिटाला धावपट्टीवरून तिसरे विमान निघू दिले, तर विद्यार्थ्याचे लक्ष नेमके त्या क्षणी दुसरीकडे जाते, आणि रँडच्या संशोधकांना जे पाहायचे होते तेच येथे घडते.

फाइल उघडताना होणाऱ्या चुका बहुधा जागेच्या असतात. मार्गबिंदूंची माहिती जगभर 28 दिवसांच्या चक्राने अद्ययावत होते, त्यामुळे जुन्या फाइलीतील एखादे नाव नव्या माहितीसंचात नसले की मार्ग तेथेच तुटतो, आणि फाइल लिहिताना चक्राची तारीख शिरोभागी नोंदवली नसेल तर कारण शोधत बसावे लागते. दुसरी चूक आपल्या भागात विशेष संभवते. वडोदऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 130 फुटांवर आहे आणि इंदूरचा, माळव्याच्या पठारावर, सुमारे 1,850 फुटांवर. वडोदऱ्यासाठी लिहिलेला प्रसंग केवळ अक्षांश-रेखांश बदलून इंदूरला आणला, तर तेथे धावपट्टीपासून 6 नॉटिकल मैलांवर 2,050 फुटांनी बरोबर उतरणारे विमान येथे जमिनीपासून जेमतेम 200 फुटांवर उडताना दिसेल. 3 अंशांच्या उतारावर त्याच अंतरासाठी इंदूरला सुमारे 3,750 फूट लागतात, आणि त्याआधीच्या प्रत्येक टप्प्याची उंची त्याच हिशेबाने वर घ्यावी लागते.