टोपणनाव (खान्देशातील हौशी लेखन)

टोपणनाव : लेखनापुरते घेतलेले नाव. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील इंटरनेटवर मराठी, अहिराणी किंवा लेवा गणबोलीत लिहिणारे हौशी लेखक ते मुख्यतः दोन कारणांनी घेतात. पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे या भागात एवढी आहेत, की एकाची कविता सहज दुसऱ्याच्या नावावर फिरते. शिवाय भाऊबंदकीवर किंवा सोसायटीच्या निवडणुकीवर लिहिणाऱ्याला ओळख झाकायची असते. पहिल्यासाठी नाव उठून दिसावे लागते, दुसऱ्यासाठी त्यातून गावाचा माग लागता कामा नये. आपले कारण कोणते, हे आधी ठरवावे. एकाच नावाने दोन्ही साधायला गेल्यास एकही धड साधत नाही.

कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावावरून ‘केशवसुत’ घेतले. ते काही काळ जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला शिक्षक होते. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना मात्र ‘बालकवी’ हे नाव इतरांनी दिले, १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात. आज ‘सुत’, ‘तनय’ लावून केलेले नाव आधीच कुणी घेतलेले असण्याची शक्यता मोठी. तापी, गिरणा, सातपुडा यांचेही तेच. गावाच्या नावाला ‘कर’ जोडले, तर ते कुणाचे तरी खरे आडनाव निघते.

सर्वांत जास्त घोटाळा लिपीत होतो. ‘शेतकऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो : नुक्तावाला ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ती वेगळी अक्षरे वाटू शकतात आणि निम्मे लेखन सापडत नाही. म्हणून असे जोडाक्षर नावात नसलेलेच बरे. बोलीत ळ चा य होतो. ‘मयातला’ असे नाव घेतले, तर बाहेरचा वाचक ‘मळ्यातला’ शोधतो. बोलीचे नाव जरूर घ्यावे, कारण त्यातच लेखनाचा पोत कळतो. फक्त परिचयात प्रमाण रूपही लिहावे. रोमन लिपीतले स्पेलिंग एकदाच ठरवून सगळीकडे तेच ठेवावे. पक्के करण्याआधी नाव फोनवरून दोघातिघांना सांगून लिहायला लावावे. ते वेगवेगळे लिहून आले, तर बदलावे.

ओळख फुटते ती बहुधा नावामुळे नव्हे. मानधनासाठी यूपीआयचा क्यूआर कोड दिला, की पैसे पाठवणाऱ्याला बँकेतले नाव दिसते. व्हॉट्सअ‍ॅप गटात मोबाइल क्रमांक दिसतो. त्यामुळे वेगळा ईमेल ठेवावा आणि खरे नाव फक्त संपादकाला कळवावे. बदनामीच्या कायद्यापासून टोपणनाव वाचवत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. ती मुदत संपण्याआधी खरे नाव जाहीर झाले, तर ही ६० वर्षे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. म्हणून तारखा असलेले मूळ खर्डे जपून ठेवावेत आणि नाव कुणाचे, हे घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावे.