चर्मबाहुल्यांवरील कोरीव जाळीकाम

न कमावलेल्या कातड्याच्या सपाट आकृतीत छिन्नी, टोच्या व हातोडी यांच्या साह्याने बारीक छिद्रे पाडून दागिने, वस्त्रांचे काठ व अवयवांच्या रेषा उमटविण्याची हस्तकला. छायानाट्यात पडद्यामागील दिव्याचा प्रकाश या छिद्रांतून येतो आणि आकृतीचा तपशील प्रेक्षकाला दिसतो. भारतात छायाबाहुल्यांचे खेळ आंध्र प्रदेश (तोलु बोम्मलाट), कर्नाटक (तोगलु गोंबेयाट), तमिळनाडू (तोल्पावैकूत्तु), केरळ (तोल्पावकूत्तु), ओडिशा (रावणछाया) व महाराष्ट्र या राज्यांत आढळतात; मात्र जाळीकामाची समृद्धी सर्वत्र सारखी नाही. रावणछायेतील बाहुल्या लहान, बिनसांध्यांच्या व साध्या कोरणीच्या असतात, तर आंध्रमधील बाहुली कधीकधी माणसाच्या उंचीला पोहोचते व तिच्या मुकुटापासून पैंजणांपर्यंत छिद्रांची दाटी असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः आंध्र परंपरेचा आणि तुलनेपुरता इंडोनेशियातील जावा बेटावरच्या ‘वायांग कुलित’ या चर्मबाहुल्यांच्या छायाखेळाचा विचार केला आहे.

कातडे : या बाहुल्यांना रूढीने ‘चामड्याच्या’ म्हटले जात असले, तरी तांत्रिक दृष्ट्या तो शब्द सैल आहे. कातडे कमावताना त्यातील प्रथिनांचे तंतू टॅनिनसारख्या द्रव्यांनी बांधले जातात. ते मऊ व टिकाऊ होते, पण त्यातून उजेड जात नाही. बाहुलीसाठी कातडे भिजवून, त्यावरील केस व आतील मांसाचा थर खरवडून, ताणून वाळवितात. ते चर्मपत्रासारखे कडक, पिवळसर व अर्धपारदर्शक बनते. कोरणीचे सर्व गुणदोष या एका गोष्टीतून निघतात : कडकपणामुळे छिद्राची कड स्वच्छ उमटते, पण दोन छिद्रे फार जवळ पडली की मधली पट्टी तडकते, पावसाळी हवेत तेच कातडे ओलावा धरून वाकते. पूर्वी देव व नायक यांच्यासाठी हरणाचे, राक्षसांसाठी म्हशीचे आणि इतर पात्रांसाठी शेळीचे कातडे वापरावे, असा संकेत होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाचे कातडे मागे पडले व आज बहुतेक काम शेळीच्या कातड्यावर होते. मोठ्या बाहुलीला एकाहून अधिक कातडी लागतात. हातपायांचे तुकडे वेगळे कापून दोऱ्याच्या गाठींनी जोडतात.

कोरणीची पद्धती : आकृतीची बाह्यरेषा टोकदार लोखंडी लेखणीने कातड्यावर ओढून घेतात, ती कापून काढतात आणि मग आकृती लाकडी ठोकळ्यावर ठेवून कोरणीस आरंभ करतात. हत्यारे मोजकी असतात. गोल तोंडाचा टोच्या, चंद्रकोरीच्या तोंडाची छिन्नी, सरळ धारेची छिन्नी आणि चौकोनी वा शंकरपाळ्याच्या आकाराचे छिद्र पाडणारा ठसा, एवढ्यावर बहुतेक नक्षी निभावते. मध्ये एक गोल छिद्र आणि भोवती पाचसहा चंद्रकोरी मारल्या की फूल होते. गोल छिद्रांची एकसारखी रांग मोत्यांचा सर ठरते. शंकरपाळ्यांची ओळ लुगड्याचा काठ होते. छिद्रांच्या मधल्या पट्ट्या अखंड राहिल्या तरच अवयव सलग राहतो. त्यामुळे कमरपट्टा कोरणाऱ्याचे निम्मे लक्ष काय कापायचे यापेक्षा काय राखायचे याकडे असते.

रंग कातड्याच्या दोन्ही बाजूंना देतात. पूर्वीचे रंग वनस्पतिजन्य होते, आता बाजारी रासायनिक रंग वापरतात. रंगलेल्या कातड्यातून उजेड तांबडा, हिरवा वा पिवळा होऊन येतो. छिद्रातून मात्र तो रंग न घेता सरळ येतो. म्हणूनच पडद्यावर सीतेचे अंग व वस्त्र रंगीत काचेसारखे दिसते आणि तिचे दागिने पांढऱ्या ठिणग्यांसारखे लखलखतात. तेलाच्या दिव्याची ज्योत हलते तेव्हा ही लकाकीही हलते. विजेच्या स्थिर दिव्याने हा परिणाम बराचसा नाहीसा केला, ही बाब खेळाच्या वर्णनांत सहसा नोंदली जात नाही.

जावाच्या वायांग कुलितमध्ये म्हशीचे जाड कातडे वापरतात व त्यावर अपारदर्शक रंग आणि सोनेरी वर्ख चढवितात. परिणामी पडद्यावर काळी सावली व तिच्यातील उजळ नक्षी एवढेच उरते. सर्व अभिव्यक्ती छिद्रांवर आल्याने तेथे छिन्नीच्या फटक्यांना नावे पडली आहेत : बारीक गोल टिंबे ‘बुबुकान’, लांबट सरळ काप ‘त्रातासान’, दातेरी ओळ ‘उंतु वालांग’ म्हणजे टोळाचे दात. कोरणी व रंगकाम मिळून ‘तातह सुंगिंग’ म्हणतात आणि छिन्नीचे टोक अडकू नये म्हणून ते मेणात टोचून घेतात.

उत्पत्तीविषयक मते : या कलेच्या उगमाबद्दल दीर्घ वाद आहे. जर्मन संस्कृतज्ञ रिचर्ड पिशेल यांनी १९०० व १९०६ मधील लेखनात बाहुल्यांच्या खेळाचे व छायानाट्याचे मूळ भारतात असल्याचे प्रतिपादन केले. थेरीगाथा या बौद्ध भिक्षुणींच्या पाली पद्यसंग्रहातील ‘रुप्परूपक’ आणि महाभारताच्या शांतिपर्वातील ‘रूपोपजीवन’ या शब्दांवर त्यांची मांडणी बरीचशी अवलंबून होती. हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९१६ मध्ये पतंजलीच्या महाभाष्यातील ‘शौभिक’ हे खेळ करणारेही छायाखेळाशी संबद्ध असल्याचे सुचविले, ए. बी. कीथ यांनी संस्कृत नाटकावरील ग्रंथात (१९२४) ही उपपत्ती अमान्य केली. हे शब्द स्वतंत्रपणे घेतल्यास त्यांतून कातड्याचा वा कोरणीचा बोध निश्चितपणे होत नाही, हा कीथ-पक्षाचा आक्षेप अधिक सयुक्तिक वाटतो. सुभटाचे दूतांगद हे संस्कृत नाटक (१२४३) स्वतःला ‘छायानाटक’ म्हणविते, परंतु त्या संज्ञेचा अर्थही वादग्रस्त आहे.

‘रूपोपजीवन’ या शब्दाला कातडे चिकटते ते भाष्यातून. भारतभावदीप या टीकेत नीलकंठ चतुर्धर (१७ वे शतक) सांगतो, की हा प्रकार दाक्षिणात्यांत ‘जालमंडपिका’ नावाने प्रसिद्ध असून त्यात तलम वस्त्र मध्ये धरून चर्ममय आकृतींनी राजे, अमात्य आदींचे व्यवहार दाखवितात. वर्णन निःसंदिग्ध आहे, मात्र ते १७ व्या शतकातील खेळाचे आहे. त्यावरून महाभारतकालीन प्रथा सिद्ध करणे धाडसाचे होईल. नीलकंठाचे घराणे गोदातीरच्या कोपरगावचे व लेखन काशीत झालेले. काशीत महाराष्ट्रीय पंडितांनाच दाक्षिणात्य म्हणत, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आंध्र-कर्नाटकाचे खेळे होते की गोदावरीकाठचे, हा प्रश्न मोकळाच ठेवणे बरे.

कोरलेल्या कातड्याचा जुना व स्पष्ट उल्लेख जावात मिळतो. ऐरलंग राजाच्या काळातील, ११ व्या शतकाच्या पूर्वार्धातील अर्जुनविवाह या एम्पु कण्वाच्या काव्यात, हलते-बोलते ते केवळ कोरीव कातडे आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक रडतात, अशा आशयाचा श्लोक आहे. ‘वलुलंग इनुकिर’ म्हणजे कोरलेले कातडे, असे शब्दच तेथे येतात. डच अभ्यासक जी. ए. जे. हाझेउ यांनी १८९७ मध्ये वायांग मूळ जावाचाच असल्याचे मत मांडले होते. भारतातून जावात की स्वतंत्रपणे दोन्हीकडे, याचा निर्णय कोरणीच्या तंत्रावरून लावणे अवघड आहे, कारण टोच्या व चंद्रकोर ही हत्यारे कातडी काम करणाऱ्या कोणालाही सुचण्याजोगी आहेत.

आंध्रमधील खेळाची परंपरा सातवाहनकालापर्यंत नेण्याचा प्रघात लोकप्रिय लेखनात दिसतो. त्याला ठोस आधार नाही. तेलुगू कवी पाल्कुरिकी सोमनाथाच्या पंडिताराध्यचरित्रात (सु. १३ वे शतक) पडद्याआडच्या बाहुल्यांचा निर्देश असल्याचे अभ्यासक मानतात. विजयनगरकालात या खेळाला आश्रय मिळाला असावा. आंध्रातील लेपाक्षी येथील वीरभद्र मंदिराच्या छतावरील १६ व्या शतकातील चित्रांत पार्श्वदर्शी (एका बाजूने दिसणारे) चेहरे, मोठे डोळे व टिंबांनी भरलेली वस्त्रे आहेत आणि बाहुल्यांशी त्यांचे साम्य डोळ्यांत भरते. चित्रकाराने बाहुली पाहिली की बाहुलीकाराने चित्र, हे साम्यावरून ठरत नाही.

मराठी भाषेचा संबंध : आंध्र, कर्नाटक व तमिळनाडू येथील अनेक बाहुलीकार कुटुंबे घरात मराठीची एक जुनी बोली बोलतात. कर्नाटकात त्यांना किळ्ळेक्यात, आंध्रात आरे, तर तमिळनाडूत मंडिगर म्हणतात; ‘किळ्ळेक्यात’ हे खेळातील विदूषकाचेही नाव आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत कानडी जिल्ह्यांतील ‘कटाबू’ या नावाने असेच लोक नोंदलेले आहेत. यावरून ही कला महाराष्ट्रातून दक्षिणेत गेली, असे विधान मराठी लेखनात वारंवार भेटते. तंजावरला व्यंकोजी भोसल्यांची सत्ता १६७० च्या दशकात आली. तिच्याबरोबर काही कुटुंबे गेली असणे शक्य आहे. तथापि तेलुगू वाङ्मयातील निर्देश त्याआधीचे आहेत. बोली लोकांच्या स्थलांतराची साक्ष देते, कलेच्या स्थलांतराची नव्हे. हे खेळे ज्या रंगनाथ रामायणमुचा आधार घेतात तेही तेलुगूच. पैठणच्या चित्रकथी चित्रांत (चित्रे दाखवून कथा सांगण्यासाठी कागदावर काढलेल्या), ज्यांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे, बाहुल्यांसारखीच पार्श्वदर्शी मुद्रा व टिंबांची अलंकरणपद्धती आढळते. कागदावर टिंब देण्याला प्रकाशाचे कारण नाही. ते कोरीव छिद्राचे रंगवलेले रूप असावे, हे मत ग्राह्य वाटते.

महाराष्ट्रात ही परंपरा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने राखली. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा तिला आश्रय होता. येथील बाहुल्या आंध्रपेक्षा बऱ्याच लहान व कोरणीत साध्या आहेत. येथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

सद्यःस्थिती : आंध्र प्रदेशातील निम्मलकुंट (पूर्वीचा अनंतपूर, २०२२ पासून श्री सत्यसाई जिल्हा) हे आज या कामाचे प्रमुख केंद्र आहे. तेथील बाहुलीकार दलवाई चलपती राव यांना २०२० मध्ये पद्मश्री देण्यात आली आणि आंध्रच्या चर्मबाहुलीकामाला भौगोलिक मानांकन (जीआय) लाभले आहे. खेळ कमी झाल्यावर हीच कोरणी दिव्यांच्या छत्र्या, पडदे व भिंतीवरील चित्रे यांकडे वळली. छत्रीला सांधे नसतात व ती हलत नाही, म्हणून कारागीर तिथे छिद्रे अधिक दाट मारू शकतो. बाहुलीच्या खांद्याशी जी पट्टी रुंद राखावी लागे, ती येथे दोऱ्याइतकी बारीक चालते.