पाठांतर आणि घोकंपट्टी: दिसायला जुळी, पण बहिणी नव्हेत

भाची आठवीत आहे. परवा विज्ञानाची उजळणी घ्यायला बसलो, तर तिने प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, पाणी, सगळं जागच्या जागी. मी विचारलं, "दारातला आंबा एवढा वाढला, तो सगळा माल आला कुठून?"

"मातीतून."

"मग आळ्यात खड्डा का नाही पडला?"

"मामा, हे परीक्षेला नसतं."

खरं तर उत्तर अर्ध्या मिनिटापूर्वी तिच्याच तोंडून येऊन गेलं होतं. झाडाचं लाकूड बहुतांशी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं आणि पाण्याचं बनतं, मातीचा वाटा अगदी थोडा. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट नावाच्या गृहस्थाने साधारण ९० किलो वाळलेली माती तोलून कुंडीत भरली, त्यात विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७४ किलोंनी वाढलं, माती घटली जेमतेम ६० ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. तोही चुकला, पण निदान माती तोलून चुकला.

भाचीने केली ती घोकंपट्टी. घोकलेलं फक्त ठरलेल्या प्रश्नाला ओ देतं. प्रश्नाचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की ते गप्प. पाठ असलेल्याला मात्र कुठूनही हाक मारा, येतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: डोळे मिटलेले, अंग झुलतंय, ओठ चाललेत. म्हणून पालकांची फसगत होते, आणि शिक्षणावर भाषणं देणाऱ्यांचीही. 'सगळं मोबाइलवर मिळतं, आता डोक्यात कशाला भरायचं?' हे वाक्य घोकंपट्टीला अगदी लागू आहे. पाठांतराला ते लावलं की घोटाळा होतो.

समजा, उद्या एक फॉरवर्ड आलं की लोकमान्य टिळकांनी १९२५ साली अमुक सभेत अमुक म्हटलं. ज्याच्या डोक्यात १ ऑगस्ट १९२० ही तारीख बसलेली आहे, तो तिथेच अडखळतो, कारण टिळक त्या दिवशीच गेले. तारीख मोबाइलमध्येही आहे, पण मोबाइलला विचारायला आधी शंका यावी लागते, आणि शंका रिकाम्या डोक्यात उगवत नाही. माहितीचा पूर आल्यावर पाठांतराची गरज संपली असं म्हणतात. मला तर वाटतं, पुरात उभं राहायला पायाखाली चार दगड जास्तच लागतात.

दुसरं कारण जागेचं. माणूस एका वेळी मोजक्याच गोष्टी मनात धरू शकतो. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती, पुढच्यांनी ती आणखी खाली आणली. सात आठे किती हे शोधण्यातच ही जागा खर्च झाली, तर मूळ गणित धरायला उरतं काय? आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली बघा. भेंडी ८० रुपयांची पाव किलो, गवार १२० ची अर्धा, कांदे ३० चे दीड किलो. "वीस, साठ, पंचेचाळीस, सव्वाशे झाले, दादा," आणि हे बोलताना तिचं लक्ष दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत चढलेल्या जास्तीच्या मिरच्यांवर. हिशोब आपोआप होतो, म्हणून डोळे मोकळे राहतात.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टी सोडा असं सांगितलं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच सांगितलं. बरोबरच आहे. पण भाचीच्या शाळेत त्याचा अर्थ काय लागला? पाढे म्हणणं बंद झालं. प्रश्नोत्तरं मात्र अजून फळ्यावरून जशीच्या तशी उतरवून घ्यायची, आणि पेपरात स्वतःच्या शब्दांत लिहिलं की गुण कापले जातात. म्हणजे टाकायचं ते ठेवलं आणि ठेवायचं ते टाकलं!

तरीही जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. माझे आजोबा लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणत: शुभंकरोति, मग पाढे, मग पाव, अर्धा, पाऊण अशा अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, थेट औटकीपर्यंत. औट म्हणजे साडेतीन. सातची साडेतीनपट साडेचोवीस, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. रुपयाचे १६ आणे आणि मणाचे ४० शेर होते, तेव्हा बाजारात याचा रोज उपयोग होता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मागोमाग किलो आले, आणि औटकीचं काम संपलं. त्यानंतरही जिथे ती मुलांकडून म्हणवून घेतली गेली, तिथे ती घोकंपट्टीच झाली, एक अक्षरही न बदलता. तेव्हा अमुक धडा पाठांतराचा आणि तमुक घोकंपट्टीचा, अशी कायमची वाटणी करून मिळत नाही. ती दर काही वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि आपल्याकडे अभ्यासक्रमात भर घालायची हौस जितकी, तितकी काढायची नाही.

आमच्या घरातही वाटणी पुरी झालेली नाही. १२ पर्यंतचे पाढे यावर एकमत आहे. ३० पर्यंत हवेत असं ताईचं म्हणणं. मी २० वर अडून बसलोय. भाचीला कोणी विचारलेलं नाही. ती काल संध्याकाळी आंब्याच्या आळ्यापाशी वाकून बघत होती.