कळसूबाईपेक्षा उंच जागेवरची नोकरी

दाणोली मागे पडून आंबोलीचा घाट सुरू झाला की चौथ्या-पाचव्या वळणावर कानांना दडे बसू लागतात, हा सावंतवाडीकडच्या प्रत्येकाचा लहानपणापासूनचा अनुभव आहे. गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या माझ्या भाचीला घेऊन हा घाट चढत होतो, तेव्हा तिच्या मांडीवरचे वेफर्सचे पाकीट हळूहळू फुगत गेले आणि वर पोचेपर्यंत उशीसारखे टम्म झाले. तिच्या हातात केबिन क्रूच्या भरतीचे माहितीपत्रक होते. त्यातील आरोग्य तपासणीची यादी वाचून ती म्हणाली, "मामानू, ही नोकरी विमानातली काय पोलिसातली?" यादी खरोखरच लांबलचक होती. कान-नाक-घसा, दृष्टी, रंगांची ओळख, हिमोग्लोबिन, हृदयाचा आलेख, उंचीच्या मानाने वजन, टाचा उंचावल्यावर हात किती वर पोचतो याचे माप, आणि शिवाय पोहता येणे. मी तिला मांडीवरचे पाकीट दाखवले, कारण यादीतील निम्म्या अटींचे कारण त्या पाकिटात भरलेले होते.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवेचा दाब वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या दाबापेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी असतो. प्रवासी विमान ३५,००० फुटांवर उडते तेव्हा बाहेरचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाच्या जेमतेम पावपट उरतो, म्हणून विमानात हवा दाबून भरावी लागते. मात्र ती किनाऱ्याइतक्या दाबाने भरायची तर आतल्या-बाहेरच्या दाबातील फरक सोसण्यासाठी विमानाचा सांगाडा फार जड करावा लागेल. त्यामुळे नियमांनी एक तडजोड मान्य केली आहे. नेहमीच्या उड्डाणात विमानाच्या आतील दाब ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीवरच्या दाबापेक्षा कमी होता कामा नये. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत ही उंची ६,००० फुटांपर्यंत खाली आणलेली आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. याचा अर्थ असा, की विमान जुने असो वा नवे, लांबच्या उड्डाणात त्यात काम करणारा माणूस कळसूबाईच्या माथ्याहून विरळ हवेत ट्रॉली ढकलत असतो, आणि मुंबईत किंवा गोव्यातील मोपा विमानतळावर उतरून पुन्हा तितकाच वर चढतो. देशांतर्गत मार्गावर हे एका दिवसात चार वेळाही घडते.

कानांची तपासणी इतकी बारकाईने का करतात, ते येथे कळते. कानाच्या पडद्यामागील मध्यकर्णात हवेची एक छोटी खोली असते आणि ती घशाच्या मागच्या भागाशी एका बारीक नळीने जोडलेली असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी याच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. विमान वर चढते तेव्हा मध्यकर्णातील हवा प्रसरण पावून या नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र उलट अवस्था होते, कारण बाहेरचा दाब वाढत असतो, नळीचे मऊ तोंड त्या दाबाने मिटते, आणि गिळल्याशिवाय किंवा जांभई दिल्याशिवाय ते उघडत नाही. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारण्याची जी युक्ती आहे, ती आंतोनियो वाल्साल्वा (१६६६–१७२३) याच्या नावाने ओळखली जाते. सर्दीने नळीचे अस्तर सुजलेले असेल तर ही युक्तीही चालत नाही. मग पडदा आत ओढला जातो, असह्य कळ येते, क्वचित पडदा फाटतो. प्रवाशाला वर्षातून एखाद्या वेळी हे सोसावे लागेल, पण दिवसाला चार वेळा उतरणाऱ्या माणसाला जुनाट कानफुटी, नाकाचे वाकडे हाड किंवा सायनसचा त्रास परवडत नाही. नव्या उमेदवारांना प्रशिक्षणात बजावून सांगितले जाते की सर्दी असेल तर कामावर येऊ नका. ऐन जूनमध्ये, पहिल्या पावसात भिजल्यावर कोकणात ज्याला सर्दी होत नाही असा माणूस विरळाच. त्यामुळे ही एक अट इकडच्या मुलांना वाटते तितकी किरकोळ नाही.

हवेचा दाब आणखी एका ठिकाणी आपल्या किनाऱ्याशी येऊन भिडतो. तारकर्लीला आणि मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी येणारे पर्यटक सकाळी पाण्याखाली जातात आणि कित्येकांचे परतीचे विमान सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाहून किंवा मोपाहून असते. पाण्याखाली दर दहा मीटरला समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो आणि त्या दाबाने श्वासातील नायट्रोजन रक्तात व चरबीत विरघळून बसतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. पण त्याआधीच माणूस विमानात बसून कमी दाबात गेला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यासारखे त्या वायूचे बुडबुडे सांध्यांत आणि मज्जातंतूंत उठू शकतात. म्हणून एकदाच बुडी मारली असेल तर निदान १२ तास आणि अनेकदा मारली असेल तर निदान १८ तास विमानात बसू नये, असे डायव्हिंगच्या संस्था सांगतात. पुष्कळ जण सरळ २४ तासच पाळतात. केबिन क्रूला हा नियम प्रवाशाहून कडकपणे लागू होतो, हे उघडच आहे.

आता हिमोग्लोबिन. ८,००० फुटांवरच्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते, पण एकूण दाब तीन चतुर्थांश झाल्यामुळे फुप्फुसांत ऑक्सिजनला ढकलणारा जोर घटतो. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी फक्त ९० ते ९३ टक्क्यांच्या आसपास येते, कारण हिमोग्लोबिन ऑक्सिजनला सहजी सोडत नाही. खाडीतल्या होड्यांचे उदाहरण घेतले तर असे म्हणता येईल, की धक्क्यावर माणसे थोडी कमी असली तरी प्रत्येक होडी जवळजवळ भरूनच निघते. रक्तक्षय असलेल्या माणसाची अडचण वेगळी असते. त्याच्याही होड्या भरतात, पण मुळात होड्याच थोड्या असतात. किनाऱ्यावर हा माणूस निभावून नेतो. विमानात मात्र प्रत्येक होडीतील दोन-चार माणसे कमी होतात आणि त्यातच ट्रॉली ढकलणे, वाकणे, उचलणे सुरू असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हे ध्यानात घेतले तर या एका चाचणीवर किती मुली अडत असतील याचा अंदाज येतो. वजनाच्या काळजीने जेवण तोडणाऱ्या उमेदवारांना माझे सांगणे एवढेच, की आधी रक्त तपासून घ्या.

वजनाचा विषय निघालाच आहे तर तोही उरकतो. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०१४ साली ठरवलेल्या निकषांत बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, पुरुषांसाठी १८ ते २५ आणि स्त्रियांसाठी १८ ते २२ एवढा सामान्य मानला होता. अरुंद वाटेतून आणि आपत्कालीन दारातून चपळाईने हालचाल करता आली पाहिजे, हा मुद्दा रास्त आहे. पण हा आकडा चरबी आणि स्नायू यांत भेद करत नाही, आणि वाट दोघांसाठी सारख्याच रुंदीची असताना स्त्रियांची मर्यादा तीन अंकांनी आखूड का, याचे समाधानकारक शास्त्रीय उत्तर मला तरी सापडलेले नाही. हाताच्या मापाची गोष्ट निराळी आहे. अनेक आंतरराष्ट्रीय कंपन्या टाचा उंचावून २१२ सेंटीमीटरपर्यंत हात पोचला पाहिजे अशी अट घालतात. आग विझवण्याची नळकांडी, ऑक्सिजनच्या बाटल्या आणि प्रथमोपचाराची पेटी डोक्यावरच्या कप्प्यांतही ठेवलेली असते, हे तिचे साधे कारण. भाचीने घरी पडवीच्या खांबावर कोळशाने २१२ ची रेघ ओढली आहे आणि येता-जाता ती तिला बोटे लावते.

पिवळ्या तापाची लस आफ्रिकेच्या व दक्षिण अमेरिकेच्या मार्गांसाठी लागते. उड्डाणाच्या आधीचे १२ तास मद्य वर्ज्य असते आणि श्वासाच्या चाचणीत शून्याखेरीज दुसरा आकडा चालत नाही, त्यामुळे अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही मनाई आहे. फेणीचे नाव तर काढायलाच नको. विमानातील हवेत आर्द्रता १० ते २० टक्के एवढीच असते. ज्या प्रदेशात जुलैमध्ये डब्यातले पापड सादळतात, तेथून गेलेल्या माणसाचे ओठ आणि डोळे पहिल्या महिन्यातच याची साक्ष देतात. इतक्या उंचीवर अंतराळातून येणाऱ्या किरणांना अडवणारे हवेचे छत्रही पातळ होते. केबिन क्रूला वर्षाला या किरणांची साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) एवढी जादा मात्रा मिळते. प्रौढाला तिचे फारसे भय नसते, परंतु गर्भासाठी शिफारस केलेली मर्यादा १ मिलिसिव्हर्ट असल्यामुळे गरोदरपणी उड्डाणाचे काम थांबवतात. एके काळी एअर इंडियात पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरीच संपवण्याचा नियम होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रद्द केला.

शरीर कसोटीला उतरले की काही आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू होते आणि त्यातील फार थोडा वेळ चहा-जेवण वाढण्याला जातो. या पेशात स्त्रियांची सुरुवातच मुळी परिचारिकेपासून झाली. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत पहिली विमानसेविका म्हणून उड्डाण केलेली एलन चर्च ही प्रशिक्षित नर्स होती. आजही प्रशिक्षणात हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाबण्याचा सराव रबरी पुतळ्यावर करून घेतात. दोन मिनिटांत घाम फुटतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दर ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय प्रसंग नोंदला गेला होता आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे ३७ टक्के, घेरी येण्याचे होते. डॉक्टर प्रवासी मदतीला आल्याची नोंद निम्म्याहून थोड्या कमी प्रसंगांतच होती.

विमानातील दाब एकाएकी गेला तर काय, हा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३५,००० फुटांवर ऑक्सिजनविना माणूस शुद्धीवर राहून उपयोगी काम करू शकतो तो काळ ३० ते ६० सेकंदांचा असतो. कपटी भाग असा, की ऑक्सिजन कमी पडू लागल्यावर गुदमरल्यासारखे वाटत नाही. उलट हुशारी वाटते, आणि त्याच हुशारीत विचारशक्ती निघून जाते. म्हणून मास्क खाली पडताच क्रूने हाताशी येईल तो मास्क आधी स्वतःच्या तोंडाला लावायचा, मग इतरांकडे पाहायचे. बहुतेक विमानांत डोक्यावरील खोक्यातला ऑक्सिजन साठवलेला नसून सोडियम क्लोरेटच्या रासायनिक क्रियेतून तेथल्या तेथे तयार होतो आणि साधारण १२ ते १५ मिनिटे पुरतो. तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतो.

आगीच्या सरावात धुराने भरलेल्या खोलीत जावे लागते. मोबाइल किंवा पॉवर बँकेच्या लिथियम बॅटरीने पेट घेतला तर हॅलॉन वायूने ज्वाळा विझते, पण बॅटरीच्या आतील क्रिया उष्णता निर्माण करतच राहते आणि शेजारचा घट (सेल) पुन्हा पेटतो. त्यामुळे नंतर पाणी ओतत राहून तिला थंड करावे लागते, हे शिकवले जाते. यानंतर दारांचा सराव होतो. विमानाच्या प्रमाणीकरणात निम्मीच दारे वापरून, अंधारात, सर्वांना ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावे लागते. आगीत आतील हवा एकदम पेट घेण्याआधी मिळणारा वेळ फार थोडा असतो, त्यावरून ही मर्यादा आली. दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर आग, पाणी किंवा मोडतोड आहे का ते पाहायचे, तशी असेल तर दार अडवून लोकांना दुसरीकडे वळवायचे. २ जानेवारी २०२४ रोजी तोक्योच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ए३५० विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले, तेव्हा आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी होती आणि आतली ध्वनियंत्रणा बंद पडली होती. क्रूने कर्णे आणि स्वतःचा आवाज वापरून आतील सर्व ३७९ जणांना बाहेर काढले. सर्वांना उतरायला ९० सेकंदांपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागला, पण बंद ठेवायची दारे बंदच राहिली.

पाण्यावर उतरण्याचा सराव पोहण्याच्या तलावात होतो आणि कंबरेला सुके नारळ बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलांना तो सोपा वाटतो. तेथे त्यांना एक गोष्ट नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे जीवरक्षक जाकीट दाराबाहेर पडेपर्यंत फुगवायचे नाही. १९९६ साली कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात अनेकांनी ते आतच फुगवले होते. पाणी वर चढले तसे ते छताकडे उचलले गेले आणि खाली बुडी मारून दारापर्यंत पोचू शकले नाहीत. जे नारळ विहिरीत तारतात, तेच बंद खोलीत मारतात.

गेल्या महिन्यात मोपाला उतरताना, तेरेखोलची खाडी खाली दिसू लागली तेव्हा माझ्यासमोरच्या घडीच्या खुर्चीवर बसलेल्या क्रूच्या मुलीने तळवे मांड्यांखाली घेतले, पाठ टेकवली आणि ती दाराकडे पाहत गप्प राहिली. पूर्वी मला वाटले असते की ती दमली आहे. आता भाचीच्या वहीतून कळले आहे, की उड्डाणानंतरची तीन आणि उतरण्याआधीची आठ मिनिटे सर्वाधिक धोक्याची धरतात. त्या वेळी क्रूने मनात उजळणी करायची असते: हँडल कोणत्या दिशेला फिरते, ओरडून काय सांगायचे, मदतीला कोणता प्रवासी घ्यायचा, हे दार निकामी झाले तर दुसरे कोणते. चाके धावपट्टीला टेकल्यावर ती उठली नाही. विमान थांबून कॉकपिटमधून सूचना आल्यावरच तिने हात मांड्यांखालून काढले आणि दाराची घसरपट्टी निष्क्रिय केली.