खुलासा: सायकल चालू ठेवली की थेट पूर्वीइतकं धावता येतं?

"नडगी दुखावली तर सायकल चालवा, दम टिकला की दुखणं थांबताच पूर्वीइतकंच धावता येतं." धावणाऱ्यांच्या ग्रुपवर हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. सायकलने हृदय आणि फुप्फुसांची क्षमता बऱ्यापैकी टिकते आणि पाय जमिनीवर आदळत नाही. पण अडचण नेमकी तिथेच आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण 2 ते 3 पट भार एका पायावर येतो, तोही दोन्ही पाय मिळून मिनिटाला दीडशेहून जास्त वेळा. हाडं आणि टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) हा भार सोसूनच हळूहळू बळकट होतात. सायकलवर बरंचसं वजन सीट पेलते. हाडांना तो सराव मिळत नाही. म्हणून परतताना दम पुढे पळतो, नडगी मागे राहते आणि दुखणं उलटतं.

नडगी धावायला तयार आहे का, हे स्वतः तपासता येतं. आधी नडगीवरून बोट फिरवा. एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती बरेचदा दिसत नाही. तसं काही नसेल तर अर्धा तास भरभर चाला. त्रास झाला नाही, तर 1 मिनिट धावणं, 2 मिनिटं चालणं, असं वीसेक मिनिटं करा. दुसऱ्या दिवशी फक्त सायकल. खरा निकाल सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलात कळतो. तिथे दुखलं तर धावणं वाढवू नका, एक टप्पा मागे या.